संयुजा

संयुजा : मूलद्रव्याच्या अणूची इतर अणूंशी बंध जोडण्याची क्षमता. हायड्रोजनचा अणू एकच बंध जोडतो, ऑक्सिजन दोन, नायट्रोजन तीन, कार्बन चार. हा आकडा म्हणजे शेजाऱ्यांची संख्या नव्हे. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनला शेजारी दोनच असतात, पण दोघांशीही दुहेरी बंध.

अणूंच्या जोडणीला ठरावीक मर्यादा असते, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये मांडले. कार्बन चतुःसंयुजी असल्याचे केकुले यांनी १८५८ मध्ये दाखवले. तेव्हा इलेक्ट्रॉनच ठाऊक नव्हता, त्यामुळे कारण कुणाला सांगता येत नव्हते. सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंत सामायिक झालेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये दिली.

शाळेतला हिशेब यावरूनच आला. बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन हवेत. नायट्रोजनकडे पाच आहेत, म्हणून बंध तीन. हिशेब सोपा आहे आणि बहुतेकदा जुळतोही, पण अणूला आठाचे वेड नसते. खरा व्यवहार ऊर्जेचा असतो.

कार्बनचेच पाहा. एकट्या कार्बन अणूत जोडीविना असलेले इलेक्ट्रॉन दोनच, म्हणजे बंधही दोनच व्हायला हवेत. मात्र २एस कक्षकातली (कक्षक म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन असण्याची जागा) जोडी फोडून एक इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या २पी कक्षकात चढवला, की चार सुटे होतात. त्याला ऊर्जा लागते; पण जादा दोन बंध जुळताना त्याहून बरीच अधिक ऊर्जा बाहेर पडते. म्हणून मिथेन टिकाऊ असतो, तर दोनच हायड्रोजन असलेला मिथिलीन क्षणभंगुर.

नायट्रोजन आणि फॉस्फरस एकाच गणातले, दोघांकडे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाह्यतम कवचातले इलेक्ट्रॉन, पाच. तरी फॉस्फरस पाच फ्लुओरीन अणू सामावून घेतो आणि नायट्रोजन तिनावर थांबतो. फॉस्फरस जादा बंधांसाठी आपले रिकामे डी-कक्षक वापरतो, हे जे स्पष्टीकरण अनेक पाठ्यपुस्तकांत अजून दिसते, ते आता फारसे ग्राह्य धरले जात नाही. फॉस्फरसचा अणू मोठा असल्याने त्याच्याभोवती पाचांना जागा होते, हे मुख्य. नायट्रोजन चार बंध करतो तो अमोनियम आयनात : एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याची इलेक्ट्रॉनसंख्या कार्बनइतकी होते.

निष्क्रिय वायूंची संयुजा शून्य, असेही दीर्घकाळ मानले जाई. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग बनवले. झेनॉनचे दोन, चार आणि सहा फ्लुओरीन अणू असलेले फ्लुओराइड आज ज्ञात आहेत.