चांदीचं पाणी: आयनिक कोणतं, कोलॉइडल कोणतं

9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि डिस्टिल्ड वॉटर. एवढ्यावर घरी जे बनतं त्याला सरसकट ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणतात. ग्लासात मात्र असते मुख्यतः आयनिक चांदी, म्हणजे पाण्यात मिठासारखी विरघळलेली. कोलॉइडमध्ये चांदी विरघळत नाही. तिचे डोळ्यांना न दिसणारे धातूचे कण पाण्यात तरंगत राहतात. हा फरक माहीत नसला की ‘पाणी पिवळंच होईना’ म्हणून चांगल्या तारा फेकल्या जातात.

आयनिक पाणी बिनरंगी असतं, आणि ते तसंच असायला हवं. पिवळा रंग बारीक कणांचा, कोलॉइडचा. कण मोठे झाले, एकमेकांना चिकटले की तोच रंग तपकिरी-राखाडीकडे झुकतो.

खात्री करायला चमचाभर पाणी वाटीत काढून मिठाचे चार दाणे टाका. लगेच दुधाळ झालं तर ते आयनिक: चांदी आणि क्लोराईड मिळून सिल्व्हर क्लोराईड तयार झालं. पिवळं कोलॉइड असं फुटत नाही. हळूहळू त्याचा रंग मळतो. दुसरी खूण लेसर पॉइंटरची. अंधारात कोलॉइडमधून किरणाची रेघ स्पष्ट दिसते, आयनिकमध्ये जेमतेम. तार काढल्या काढल्या मात्र ही चाचणी घेऊ नका, हायड्रोजनचे बुडबुडेही रेघ दाखवतात. अर्धा तास थांबा.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नये. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे तरंगणारे कण त्याला जवळपास दिसतच नाहीत. आयनिकमध्ये आकडा वाढतो खरा, पण तो चांदीचा पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नव्हे. त्यापेक्षा हिशेब बरा: 1 मिलीअँपिअर प्रवाह एक तास चालला तर तारेतून जास्तीत जास्त 4 मिग्रॅ चांदी सुटते. 400 मिली पाण्यात ती 10 पीपीएम झाली. यातली थोडी दुसऱ्या तारेवर परत चिकटते, तेवढी वजा.

आता बिघाड. सर्वांत जास्त चुकतं ते पाणी. सुरुवातीला पाऊण तास काहीच घडत नाही, मग कुणीतरी ‘करंट धरायला’ चिमूटभर मीठ टाकतं आणि सगळा घाणा पांढरा होतो. मीठ न टाकताही पांढरं होत असेल तर पाण्यातच क्लोराईड आहे. 10 मिग्रॅ चांदी बाद करायला हिशेबाने 3.3 मिग्रॅ क्लोराईड पुरतं. बोअरचं सोडाच, घरपोच येणाऱ्या जारचं आरओ पाणीसुद्धा त्यामुळे चालत नाही. इन्व्हर्टरसाठी आणलेलं बॅटरीचं पाणी प्रयोगापुरतं चालेल, पण आधी टीडीएस मीटर लावून आकडा 0 किंवा 1 असल्याचं पाहा.

ऋण टोकाच्या तारेवर काळसर-करडी लव वाढून तुकडे खाली पडत असतील तर प्रवाह जास्त झालाय. आयन वाढतात तसा पाण्याचा रोध घटतो आणि प्रवाह आपोआप चढत जातो. 27 व्होल्टच्या या सर्किटमध्ये 27 किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडला की 1 मिलीअँपिअरच्या वर जाणं अशक्य. दर पंधरा मिनिटांनी बॅटरीची टोकं अदलाबदल करा, तारा कोरड्या कापडाने पुसा. तळाला बसलेला काळा गाळ म्हणजे कोलॉइड नव्हे. घरातल्या विजेवर थेट जोडणी तर कधीच नको.

चांदीही तपासा. जळगावच्या सराफात 99.9 टक्क्यांची तार मागून घ्यावी. पैंजण, कडं किंवा देवघरातला राणीछाप रुपया लावला तर तांबंही पाण्यात उतरतं. राणीछापमध्ये चांदी 91.7 टक्के, बाकी मुख्यतः तांबं. दागिन्याच्या डागातून, म्हणजे जोडकामातून, आणखी काय सुटेल त्याचा नेम नाही.

पिण्यासाठी मात्र दोन्ही नकोत. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.1 मिग्रॅ चांदी चालवून घेतं. 10 पीपीएम त्याच्या शंभरपट आहे. आयनिक असेल तर पोटातल्या आम्लात त्याचंही मिठाच्या वाटीसारखंच सिल्व्हर क्लोराईड होतं. दीर्घकाळ घेतल्यास कातडी कायमची निळसर-करडी पडते, तिला आर्जिरिया म्हणतात, आणि ती पुन्हा मूळ रंगावर येत नाही. काही अँटिबायोटिक्स आणि थायरॉइडच्या गोळ्यांचं शोषणही चांदीमुळे घटतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 1999 मध्येच दुकानात मिळणाऱ्या चांदीच्या अशा औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानण्यास नकार दिला.

नमुना ठेवायचा तर तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधारात. भुसावळच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेलं आयनिक पाणी उजेडाने काळवंडतं, आणि मग तेच ‘आता कोलॉइड झालं’ म्हणून दाखवलं जातं.