विजापूरला टीव्ही आला, सोलापूरला नुसत्या लहरी

सोलापुरात जुन्या माणसांना रेडिओचं विचारा, पुणे केंद्र तर सांगतीलच पण धारवाडचं नाव हमखास निघतं, आणि शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात विचारलं तर हैदराबाद. आकाशवाणी एकच, सरकारी, पण घरात कन्नड ऐकू येणार का तेलुगू हे दिल्लीपेक्षा वरच्या हवेवर जास्त अवलंबून होतं.

म्हणजे कसं, पुणे केंद्राचं मीडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झ, त्याची एक लहर जवळपास 379 मीटर लांब. एवढी लांब लहर जमिनीला धरून वाकत जाते, म्हणून डोंगर आडवा आला तरी चालतं. तीच लहर वरही जाते, पण दिवसा 60 ते 90 किलोमीटर उंचीवर उन्हामुळे हवेतले इलेक्ट्रॉन सुटून तयार झालेला डी नावाचा थर तिला गिळून टाकतो. रात्री ऊन नाही, तिथली हवा त्यातल्या त्यात दाट, त्यामुळं सुटे इलेक्ट्रॉन पटापट पुन्हा चिकटतात आणि थर जवळपास गायबच होतो. मग लहर आणखी वरच्या थरापर्यंत जाते, तिथून परत फिरते आणि शेकडो किलोमीटरवर खाली उतरते. आवाज मध्येच बारीक मध्येच मोठा व्हायचा तो बऱ्याचदा सेटचा दोष नव्हता ओ, वेगवेगळ्या वाटेनं आलेल्या लहरी एकमेकींना कधी मारतात कधी जोर देतात. वर लहर परत फिरवणारा थर आहे हे एडवर्ड अ‍ॅपलटन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1924 मध्ये बीबीसीचाच ट्रान्समीटर वापरून दाखवलं, 1947 चं नोबेल त्यालाच.

आपल्याकडची गोष्ट खरं तर खाजगी कंपनीपासून सुरू होते. 23 जुलै 1927 ला मुंबई केंद्र सुरू झालं, 1930 मध्ये कंपनी बुडाली, सरकारनं ताब्यात घेतलं आणि 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. फाळणीनंतर भारताकडं सहाच केंद्रं उरली होती!

टीव्हीचं गणित मात्र साफ वेगळं. दिल्लीत 1959 ला आणि मुंबईत 1972 ला टीव्ही आला, पण त्या लहरी काही मीटरच्याच, त्या साधारण सरळ जातात, म्हणून 100 मीटरच्या टॉवरवरून सपाट भागात जेमतेम 40 किलोमीटर. मुंबई ते सोलापूर 400 किलोमीटर, मध्ये घाट, विषय संपला.

आणि इथंच मला सगळ्यात भारी वाटणारा भाग येतो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं वर्षभर इस्रोनं नासाचा एटीएस-6 उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही दाखवला, रोज चार तास, शाळा, शेती, आरोग्य. प्रयोगाचं नाव साइट. कर्नाटकातले जिल्हे कुठले तर विजापूर, गुलबर्गा, रायचूर! यादीत महाराष्ट्र नाहीच. म्हणजे सोलापूरकराला टीव्ही बघायला विजापूर रोड धरून तिकडच्या खेड्यात जायचं. पण उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर वर, त्याला कुठली राज्याची हद्द दिसते? त्याच लहरी सोलापुरातही पडतच होत्या, विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर क्लार्कनं तर कोलंबोत घरी अँटेना बसवून बघितलं. आपल्याकडं फक्त धरायला काही नव्हतं.

धरायला लागायची काय तर तीन मीटरची छत्री, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. जाळी चालते कारण सिग्नल 860 मेगाहर्ट्झचा, लहर 35 सेंटीमीटर, आणि भोकं त्याच्यापेक्षा बरीच बारीक असली की लहरीला जाळी म्हणजे अख्खा पत्राच. छत्री एवढी मोठी का, तर लहरीच्या लांबीच्या कितीतरी पट रुंद असल्याशिवाय ती नीट एका दिशेचं पकडत नाही.

हा प्रयोग चालू असतानाच 1 एप्रिल 1976 ला दूरदर्शन आकाशवाणीतून वेगळं झालं, पुढं 1983 ला भारताचा इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला, आणि मग गावोगावच्या छोट्या प्रक्षेपकांनी उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन आजूबाजूला टाकायचा, असं जाळं उभं राहिलं, त्यामुळं घरात साधा अँटेना पुरायचा. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शननं थेट घरात उपग्रह आणला, आज त्याला फ्री डिश म्हणतात. तिची लहर तीनेक सेंटीमीटरची, म्हणून साठेक सेंटीमीटरची छत्री भागवते, पण जुनी खुराड्याची जाळी इथं चालत नाही, भोकं लहरीच्या मानानं फारच मोठी पडतात.