ताटातलं स्वतः कापून खायचं वय कुणी ठरवलं?

1935 साली एडगर डॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांची सामाजिक समज मोजणारी एक मोजपट्टी तयार केली. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये तो काम करायचा, म्हणून मोजपट्टीलाही गावाचंच नाव मिळालं. तीत जेवणाच्या सुरीचे दोन टप्पे आहेत. पावावर लोणी लावणं सहा ते सात वर्षांच्या गटात आणि सुरीने कापून खाणं सात ते आठच्या गटात. मध्ये वर्षभराचं अंतर का, ते हातांकडे पाहिलं की कळतं. लोणी लावताना एक हात नुसता पाव धरून ठेवतो. मांसाचा तुकडा कापायचा तर डाव्या हातातला काटा घट्ट रोवून ठेवायचा आणि त्याच वेळी उजव्या हाताने सुरी मागेपुढे चालवायची. दोन हातांची दोन वेगळी कामं, वर तुकडा ताटाबाहेर उडता कामा नये.

पण जेवणाऱ्या प्रत्येकाने आपलं आपण कापायचं, ही रीत युरोपातही फार जुनी नाही. मध्ययुगात बड्या घरच्या पंगतीत मांस कापून वाढायला खास माणूस असे. ते काम मानाचं समजलं जाई आणि सरदारांची मुलं दुसऱ्या सरदाराच्या घरी राहून ते शिकत. 1508 साली लंडनमध्ये विंकिन डी वर्डने मांस कापण्याच्या आणि पंगतीत वाढण्याच्या कलेवर एक पुस्तक छापलं. म्हणजे तेव्हा मुलगा कापायला शिके तो दुसऱ्याच्या ताटासाठी! 1530 मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने मुलांच्या शिष्टाचारावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात पेला आणि स्वच्छ पुसलेली सुरी उजवीकडे, पाव डावीकडे अशी मांडणी आहे. काट्याने खाणं मात्र त्याने मुलांना शिकवलेलं नाही. घास बोटांनीच घ्यायचा.

काटा इटलीत रुळला होता, पण 1611 मध्ये टॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने त्याचं वर्णन नवलाईची वस्तू म्हणून केलं आणि मित्राकडून टिंगल ओढवून घेतली. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः हातानेच जेवायचा. नातवंडांना गुरूंनी काटा शिकवला, तर आपल्यासमोर तो वापरायचा नाही अशी आजोबांची ताकीद होती, असं सांगतात. त्याच लुईने 1669 मध्ये जेवणाच्या टेबलावर टोकदार सुऱ्यांना बंदी घातली. बोथट टोकाची सुरी आली आणि मग ती मुलांच्या हाती द्यायलाही कुणाचा जीव खालीवर होईना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुखवस्तू घरांत लहानग्यांसाठी चांदीचं एक आखूड फावडं निघालं. त्याने घास चमच्यात ढकलायचा. कापण्याचं वय येईपर्यंतची ही सोय.

डॉलची मोजपट्टी भारतात आली ती नागपूरमार्गे. तिथल्या बाल मार्गदर्शन केंद्रातले डॉ. ए. जे. मालिन यांनी तिचं भारतीय रूप तयार केलं आणि दोन्ही सुऱ्या काढून टाकल्या. लोणी लावण्याच्या जागी आलं ‘मदतीशिवाय भात नीट कालवतो’. कापण्याच्या जागी, ‘जेवताना आपलं आपण वाढून घेतो’. सांताक्लॉज खराच असतो हा समज सुटण्याचा टप्पाही गेला. तिथे आलं घरातलं गुपित कळणं आणि बाहेर न फोडणं. मला हा बदल फार अस्सल वाटतो. आपल्याकडे जे कापायचं ते स्वयंपाकघरात विळीवर आधीच कापलेलं असतं. पानात येतो तो गरम वरणभात. वरण बोटांतून ओघळू न देता, तळवा न बरबटता तो कालवायचा, हे सहा वर्षांच्या मुलासाठी सोपं काम नव्हे. एका हाताने भाकरी मोडणं तर त्याहून अवघड.

बौद्धिक अक्षमतेचं मूल्यमापन करताना ही मोजपट्टी आजही वापरतात. माहिती बहुधा आईकडून घेतली जाते आणि गुण मिळतात ते मूल रोज जे करतं त्याला. शाळेची बस चुकू नये म्हणून आईच भरवत असेल, तर ‘येतं हो त्याला’ एवढ्याने भागत नाही. मात्र मुलाला करायची संधीच मिळत नसेल, तर डॉलच्या पद्धतीत त्यासाठी वेगळी खूण आहे.