प्रीतिभोजन

प्रीतिभोजन : उपासनेनंतर किंवा सणावाराला ख्रिस्ती मंडळी एकत्र बसून जे जेवण करते ते. भाकर व द्राक्षारस यांचा पवित्र विधी, म्हणजे प्रभुभोजन, यापासून ते वेगळे धरतात. प्रभुभोजनाला साधारणपणे बाप्तिस्मा लागतो, काही पंथांत दृढीकरणही (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) लागते. प्रीतिभोजनाला भूक पुरते. बाप्तिस्मा न घेतलेले, नुकतेच चौकशीला येऊ लागलेले, शेजारपाजारचे, कोणीही त्या पंगतीला बसू शकतो. मराठी मंडळ्यांत हे नाव रुळलेले आहे. इंदूरसारख्या शहरात, जिथे घरात मराठी आणि उपासनेत हिंदी अशी वाटणी असते, तिथे त्यालाच ‘प्रेमभोज’ही म्हणतात.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. नव्या करारात प्रीतिभोजनाचा नावाने स्पष्ट उल्लेख यहूदाच्या पत्रात (वचन १२) येतो. या पत्राचा काळ कोणी इ. स. ६० नंतरच्या दशकात, कोणी थेट दुसऱ्या शतकाच्या आरंभी धरतात. प्रथा मात्र त्याहून जुनी असावी. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ च्या सुमाराचे मानले जाते. त्याच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजन आणि पोटभर जेवण एकाच बैठकीत चाललेले दिसते, आणि तेही वाईट रीतीने. कोणी आधीच जेवून-पिऊन तर्र होतो, कोणी उपाशी राहतो. करिंथच्या उत्खननात मिळालेल्या सधन घरांच्या भोजनदालनात जेमतेम नऊ-दहा माणसे मावली असती. त्यावरून यजमानाच्या बरोबरीचे लोक आत आणि बाकीचे बाहेरच्या चौकात बसत असावेत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला. पुढे त्यावर आक्षेपही आले, कारण मंडळी अशाच घरांत जमत असे याला आधार नाही. पौलाचा उपाय साधा आहे. जेवायला जमल्यावर एकमेकांसाठी थांबा, एवढेच तो सांगतो.

हे जेवण आणि प्रभुभोजन मुळात एकच होते का, यावर तीन मते आहेत. जुन्या मतानुसार दोन्ही एकच होती आणि दुसऱ्या शतकात गैरप्रकार टाळण्यासाठी ती वेगळी केली गेली. जर्मन अभ्यासक हान्स लिट्झमान याने १९२६ मध्ये दोन स्वतंत्र उगम मांडले : यरुशलेमेच्या मंडळीचे आनंदाचे सहभोजन आणि पौलाच्या मंडळ्यांतले प्रभूच्या मरणाचे स्मरण. अलीकडचे अभ्यासक दोन्हींकडे ग्रीक-रोमन जगातील संघ-मंडळांच्या मेजवानीच्या परंपरेतून पाहतात. त्यांच्या मते पहिल्या दीडशे वर्षांत गावोगावच्या रीती इतक्या निरनिराळ्या होत्या की एका उगमाचा शोधच व्यर्थ आहे. उपलब्ध पुरावा या तिसऱ्या मताला जास्त जवळचा वाटतो. अंत्युखियाचा इग्नाती (सु. ११०) बिशपाशिवाय बाप्तिस्मा करू नये व प्रीतिभोजनही करू नये असे बजावतो, म्हणजे तोवर ते बिशपाशिवायही होत असणार. बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजान याला सु. ११२ मध्ये लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक पहाटे स्तोत्र म्हणून पांगतात व नंतर पुन्हा जमून अन्न घेतात, पण ते अन्न साधे, निरुपद्रवी असते, अशी नोंद केली आहे. हे दुसरे जमणे प्रीतिभोजन की प्रभुभोजन, हे त्या पत्रावरून ठरत नाही. कार्थेजच्या तर्तुल्यानाने (सु. १९७) केलेले वर्णन सर्वांत भरीव आहे : आधी प्रार्थना, मग भूक भागेल इतकेच खाणे, हात धुऊन दिवे लागल्यावर ज्याला येईल त्याने पुढे होऊन देवाचे गीत म्हणणे, शेवटी पुन्हा प्रार्थना, आणि या साऱ्या खर्चातून गरिबांचे पोट भरणे.

ही प्रथा पुढे ओसरली. गंग्राच्या परिषदेने (सु. ३४०) अशा भोजनाचे आमंत्रण तुच्छ मानणाऱ्यांना दोष दिला. त्याच शतकात लावदिकियाच्या परिषदेने चर्चच्या इमारतीत ही भोजने घालण्यास मनाई केली. या परिषदेचे वर्ष बहुधा ३६३-६४ धरतात, पण ते निश्चित नाही. इ. स. ६९२ च्या परिषदेला हीच मनाई पुन्हा करावी लागली, त्यावरून लोक सहजासहजी ऐकत नव्हते असे दिसते. पश्चिमेत तिचे पुनरुज्जीवन अठराव्या शतकातले. जर्मनीतील हेर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळीने १७२७ पासून ती रुजवली. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली १७३७ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया प्रांतात मोरेव्हियन लोकांच्या प्रीतिभोजनाला बसला आणि पुढे मेथडिस्ट मंडळ्यांत ती रीत शिरली. तिथे खाण्यापेक्षा साक्ष देण्याला, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सर्वांपुढे सांगण्याला, महत्त्व आले, आणि प्रवेशाला चिठ्ठी लागू लागली. ब्रदरन पंथात पाय धुणे, जेवण व प्रभुभोजन हे सगळे एकाच संध्याकाळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे मिशन गुजरातेत बुलसारला (आजचे वलसाड) आले.

या प्रथेच्या मुळाशी जी शास्त्रवचने सांगितली जातात त्यांत यजमानाची वचने पुष्कळ आहेत. मेजवानीला गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव (लूक १४), पेत्राने सुंती नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जाणे (प्रेषितांची कृत्ये १०), अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीतून तोच पेत्र मागे सरल्यावर पौलाने त्याला सर्वांसमक्ष दिलेला ठपका (गलती २). पण एक कथा पाहुण्याच्या बाजूने आहे, आणि प्रस्तुत विषयाला तीच अधिक लागू पडते. सोर-सीदोनच्या प्रांतात एक परकी बाई आपल्या आजारी मुलीसाठी येशूकडे येते. मार्क (७ : २४-३०) तिला सुरफुनीकी म्हणतो, मत्तय (१५ : २१-२८) कनानी. मार्काचे शुभवर्तमान सु. ७० चे आणि मत्तयाचे त्यावर आधारलेले, बहुधा ८० ते ९० मधले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मत्तयात नकार वाढत गेला आहे : आधी येशू बोलतच नाही, मग शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, मग आपण इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलेलो आहोत असे उत्तर मिळते, आणि शेवटी मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे ठीक नाही, हे. ती हटत नाही. मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात, असे ती म्हणते. तिच्या विश्वासाला येशू ‘मोठा’ म्हणतो. शिष्यांपैकी पेत्राला त्याच शुभवर्तमानात ‘अल्पविश्वासी’ हे विशेषण मिळाले आहे. लूक (१८ : १-८) मधली, अन्यायी न्यायाधीशाच्या दारात खेटे घालणारी विधवा तिचीच बहीण म्हणावी. अँग्लिकन उपासनेत प्रभुभोजनापूर्वीची, तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही ही प्रार्थना १५४८ पासून आहे. तिच्यात त्या बाईचेच शब्द सगळी मंडळी आपल्या तोंडी घेते. मंडळीच्या स्वागताचा इतिहास लिहिताना पान मांडणाऱ्यांची नावे राहतात. पण पान मांडावे लागले ते पुष्कळदा बाहेर उभा असलेला माणूस निघून गेला नाही म्हणून. महाद्वारात थांबलेल्या चोखोबांना ओळखणाऱ्या मराठी श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हिंदुस्थानात या जेवणाला निराळे वजन आले, कारण इथे कोण कोणाबरोबर जेवतो यावर जात ठरत होती. तमिळ प्रदेशातील काही मंडळ्यांत ख्रिस्ती झाल्यावरही जातवार बसणे चालू होते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीतील जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा आदेश काढला. १८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने एकत्र जेवणे हीच जात सोडल्याची कसोटी ठरवली. लाइपझिगच्या लुथरन मिशनला ही सक्ती मान्य नव्हती. प्रेमाचे म्हणून ओळखले जाणारे जेवण परीक्षेचे साधन झाले, ही गोष्ट खटकते. पण त्या कसोटीशिवाय दलित ख्रिस्ती माणसाला आपल्याच मंडळीत बरोबरीचे पान मिळाले असते, असे समकालीन पुराव्यावरून म्हणता येत नाही.

मराठी मुलखात जेवणाचा प्रश्न दोनदा गाजला. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला होता. कोर्टाने त्याला आईबापांच्या हवाली केल्यावर त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि तेवढ्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झाले. धर्मांतराहून चहाचा पेला जड ठरावा असा तो काळ होता. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुवर्गात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी योजना होती. पुढे दोन वर्षांतच टिळक वारले आणि ती योजना त्यांच्या कल्पनेप्रमाणे वाढली नाही. तरीही प्रीतिभोजनाच्या मागची वृत्ती मराठीत सर्वांत धीटपणे मांडली गेली ती इथेच.

इंदूर ही होळकरांची राजधानी, त्यामुळे दरबारात व शहरात दक्षिणी, म्हणजे मराठी, लोकांची वस्ती जुनी. ख्रिस्ती उपासना आधी रेसिडेन्सीच्या हद्दीतल्या इंग्रजांपुरती होती; ‘व्हाइट चर्च’ म्हणून ओळखले जाणारे सेंट अ‍ॅन्स चर्च १८५८ चे सांगतात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्ह. डग्लस १८७७ मध्ये इंदूरला आले. संस्थानी हद्दीत प्रचाराला दरबाराचा विरोध होता आणि तो काही वर्षे टिकला. पुढे डॉ. एलिझाबेथ बीटी (१८८४) व डॉ. मॅरियन ऑलिव्हर (१८८६) यांच्या दवाखान्याच्या कामामुळे घरांची दारे उघडली. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील मांग वस्तीतून मंडळीकडे ओढा वाढला, आणि १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनने सांभाळली. असे निरनिराळ्या जातींतून आलेले लोक एका छताखाली बसू लागले.

इथे प्रीतिभोजन कोणी आणले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मिशनबरोबर आले असे सहज म्हटले जाते. पण प्रेस्बिटेरियन परंपरेत प्रीतिभोजन विधी म्हणून रूढ नव्हते. उलट प्रभूच्या मेजाला कुंपण घालण्याची, योग्य ठरलेल्यालाच धातूचा बिल्ला देऊन बसवण्याची स्कॉटिश रीत त्यांच्या मागे होती. मेथडिस्टांकडून आले असावे हेही मत आहे. वडोद्याच्या मेथडिस्ट मंडळ्यांकडे बोट दाखवून ते मांडता येते. मात्र इंदूरच्या जेवणात साक्षही नाही आणि चिठ्ठीही नाही. जमिनीवर रांगेने बसणे, वाढप्यांनी ओळीने वाढत जाणे, सगळ्यांची पाने वाढून झाल्याशिवाय घास न घेणे ही घडण पंगतीची आहे. नाव शास्त्रातले आणि बैठक गावजेवणाची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बुलसारकडच्या ब्रदरन मंडळ्याही तीत आल्या, वडोद्याचे मेथडिस्ट बाहेर राहिले.

कॅथलिक बाजूला या नावाची प्रथा ठळक नाही. परंतु स्वागताच्या संदर्भात इंदूर धर्मप्रांतातील एक घटना इथे नोंदवलीच पाहिजे. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात शेतमजुरांमध्ये काम करणाऱ्या धर्मभगिनी राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. सुटकेनंतर तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या घरी गेला आणि त्या घराने त्याला मुलासारखे जवळ केले. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

मध्य प्रदेशात १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्याने प्रलोभन देऊन धर्मांतर घडवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि भेटवस्तू हा प्रलोभनाचा एक प्रकार म्हणून त्यांत येतो. पंगतीचे आमंत्रण कोणाला आणि कसे द्यावे याचा विचार म्हणूनच मंडळीच्या पंचांना करावा लागतो.

आजचे स्वरूप साधे आहे. प्रसंग मुख्यतः नाताळ, पुनरुत्थानाचा सण, मंडळीचा वर्धापनदिन आणि हंगामाचा सण. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, शिरा हा नेहमीचा बेत. भातावरही शेव भुरभुरायची हा इंदुरी हात. नाताळला मटण असते, आणि दक्षिणी घरांतून करंज्या-अनारशांचे डबे येतात. पाळकांनी भोजनाची प्रार्थना करायची आणि मग हातात भांडे घ्यायचे, अशी चांगली चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पाळक व पंच शेवटच्या पंगतीला बसतात. हंगामाच्या सणाला लोक गहू, भोपळा, पपई, अंडी, कधी पाय बांधलेला कोंबडा वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपली की आवारात त्यांचा लिलाव होतो. परसातला एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पटीने जातो, घेणारा तो पुन्हा लिलावालाच देतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकला जातो. जमलेली रक्कम बहुधा मंडळीच्या गरीब निधीत किंवा पुढच्या जेवणाच्या खर्चात घालतात.