पापक्षमेची खात्री आणि सामुदायिक क्षमेचा वाद

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॅथलिक घरांत पापक्षमेची खात्री मनाला वाटणाऱ्या हलकेपणावर अवलंबून मानली जात नाही. धर्मगुरूने उच्चारलेले क्षमावचन हाच तिचा आधार असतो. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली, करण्याचे बंधन 1215 मध्ये रोम येथील धर्मपरिषदेने घातले, आणि आठवतील ती सर्व गंभीर पापे एकेक करून सांगावीत असे 1551 मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेत ठरले. वसई 1534 मध्येच पोर्तुगिजांकडे गेलेली असल्यामुळे ही शिस्त येथे लवकर पोहोचली आणि 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर स्थानिक धर्मगुरूंनी ती टिकवली. बाणकोट आणि हर्णै येथे 1820 च्या दशकात काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांची शिकवण वेगळी होती: आपली पापे देवासमोर कबूल करावीत, मध्यस्थ धर्मगुरूची गरज नाही आणि खात्री शास्त्रातील वचनाने मिळते. दोन्ही परंपरांमध्ये क्षमा देवाचीच असते, हे या वादात अनेकदा विसरले जाते.

आजचा खरा गुंता मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतला आहे. युद्धकाळात मृत्यूच्या छायेतील सैनिकांना वैयक्तिक निवेदनाशिवाय एकत्रित क्षमा देण्याची मुभा 1944 मध्ये स्पष्ट करण्यात आली होती. पुढे 1972 मध्ये तिचे नियम आखले गेले आणि 1973 च्या नव्या विधीत प्रायश्चित्त संस्काराचे तीन प्रकार मांडले गेले. पहिल्यात एकटा श्रद्धावंत निवेदन करतो. दुसऱ्यात प्रार्थना व शास्त्रवाचन सर्वांनी मिळून होते, पण निवेदन आणि क्षमा ज्याची त्याला स्वतंत्र मिळते. तिसऱ्यात निवेदनही एकत्रित आणि क्षमाही एकत्रित. बोलताना दुसरा आणि तिसरा हे दोन्ही प्रकार ‘सामुदायिक’ म्हणून ओळखले जात असल्याने, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमध्ये चार-पाच धर्मगुरू बसवून घेतला जाणारा दुसरा विधी हाच तिसरा असल्याचा समज सहज होतो.

तिसऱ्या प्रकाराला 1983 च्या धर्मविधीसंहितेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंग्रहाने, कडक अटी घातल्या. मृत्यूचा धोका असावा, किंवा धर्मगुरू इतके कमी असावेत की लोकांना स्वतःचा दोष नसताना दीर्घकाळ क्षमेपासून अथवा ख्रिस्तशरीरापासून (मिस्सामध्ये दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीपासून) वंचित राहावे लागेल. मोठ्या सणाची किंवा यात्रेची गर्दी एवढेच कारण पुरेसे मानलेले नाही, आणि अटी पूर्ण झाल्या आहेत की नाही हे ठरवण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या बिशपांकडे ठेवला गेला. अनेक देशांत या सवलतीचा सैल वापर होत असल्याने 2002 मध्ये रोमने हीच बंधने पुन्हा बजावली. काहींच्या मते ही कठोरता लाजणाऱ्या, वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या माणसाला दारातूनच परतवते; उलट बाजू म्हणते की नाव घेऊन सांगितलेल्या पापाची क्षमाच मनाला धरून राहते. दुसऱ्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे, कारण अपराधभावाने ग्रासलेला माणूस गर्दीतल्या क्षमेनंतर ‘ती माझ्यासाठी होती का’ असे स्वतःला विचारत राहतो. अर्थात, लहान गावात आपल्या ओळखीच्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकण्याचा संकोचही खोटा नाही.

नियमातला सर्वांत दुर्लक्षित भाग पुढचा आहे. एकत्रित क्षमा वैध ठरण्यासाठी श्रद्धावंताच्या मनात पश्चात्ताप आणि ती गंभीर पापे योग्य वेळी वैयक्तिकरीत्या निवेदन करण्याचा संकल्प, दोन्ही असावे लागतात. म्हणजे क्षमा त्याच क्षणी मिळते, पुढच्या निवेदनापर्यंत ती लांबणीवर पडत नाही. संकल्प मात्र खरा हवा. मार्च 2020 मध्ये साथीच्या काळात पापक्षमेच्या बाबी पाहणाऱ्या रोमच्या न्यायपीठाने याच नियमाचा आधार घेऊन, मरणासन्न रुग्ण असलेल्या वॉर्डांच्या प्रवेशद्वाराशी, शक्य तेथे आवाज मोठा करणारी साधने वापरून एकत्रित क्षमा देता येईल असे सुचवले. अशा वेळी बिशपांना आधी किंवा शक्य तितक्या लवकर नंतर कळवायचे होते, आणि बरे झालेल्यांवर वैयक्तिक निवेदनाची जबाबदारी कायम होती.