नस कापली की कानातला आवाज थांबतो?

"कानात वाजतंय ना, मग ती नसच कापून टाका, आवाज आपोआप बंद!" हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. कानाच्या नसेवर गाठ निघालेले रुग्ण याच आशेवर ऑपरेशनला तयार होतात, म्हणून स्पष्ट सांगते: अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही.

ही गाठ बहुधा तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढते. कॅन्सर नव्हे, वाढतेही सावकाश, बऱ्याचदा वर्षाला 1-2 मिलिमीटर. कानामागचं हाड कोरून, आतल्या कानातून गाठीपर्यंत जायची एक पद्धत आहे. त्यात त्या बाजूचं ऐकू येणं पूर्ण जातं. तरीही रात्री पंखा बंद केला की त्याच बहिऱ्या कानात कुकरच्या शिट्टीसारखा सूर चालू राहू शकतो. कानाकडून येणारे संदेश तुटले की मेंदू ती पोकळी स्वतःच भरतो, असं मानलं जातं; पाय कापल्यावरही तळव्याला खाज सुटावी, तसंच. ऑपरेशननंतर काहींचा आवाज कमी होतो, काहींचा तसाच राहतो, काहींचा तर वाढतो.

मोठी गाठ मेंदूच्या खोडावर दाब देऊ लागली, तर ऑपरेशन टाळू नये. लहान असेल तर ठरावीक काळाने एमआरआय करून नजर ठेवतात, किंवा गामा नाइफने, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडणाऱ्या यंत्राने, उपचार करतात.

आणि घाबरू नका, कान वाजणाऱ्या बहुतेकांना अशी गाठ नसतेच. पण आवाज एकाच कानात असेल, फोन नकळत दुसऱ्या कानाला जाऊ लागला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या आणि एमआरआयबद्दल विचारा.