'साहेब बोलतोय': आवाजाच्या सोंगाची पार्श्वभूमी

साहेबांच्या आवाजात फोन करून दोस्ताची फिरकी घ्यायची, ही कोल्हापूरची खोड मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी. तिचं मूळ बहुरूप्यात आहे. पोलिसाच्या वेशात तो दारात उभा राहायचा, घरधन्याला दरडावायचा, अटकेची भाषा करायचा आणि शेवटी हसून हात पुढे करायचा. सोंग उघड झाल्यावरच बिदागी मिळायची. ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण गंमत कुठं संपते ते तिच्यातच ठरलेलं होतं.

पुढाऱ्यांचे आवाज इथं सभांतून घराघरांत पोचले. गांधी मैदान, बिंदू चौक ही सभांची ठिकाणं. बाळासाहेब ठाकरेंचं 'जमलेल्या माझ्या तमाम...' एवढं कुणी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. तालमीच्या कट्ट्यावर, गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या गॅदरिंगला नकला रंगायच्या. पुढं राज ठाकरेंनी भर सभेत इतर नेत्यांच्या नकला केल्या, आणि त्या ऐकायलाही गर्दी होऊ लागली.

फोनवर मात्र चेहरा नाही, वेश नाही. जुन्या लँडलाईनवर तर नंबरही दिसत नसे. आवाज हीच ओळख. त्याचा मोठा गैरफायदा २४ मे १९७१ रोजी दिल्लीत घेतला गेला. इंदिरा गांधींच्या नावानं आलेल्या फोनवर विश्वास ठेवून स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेच्या मुख्य रोखपालानं ६० लाख रुपये काढून दिले. तो आवाज आपणच काढला, अशी कबुली ते पैसे घेऊन गेलेल्या रुस्तम नागरवालानं दिली.

मोबाईल स्वस्त झाला, खासगी एफएम आलं, तसा फोनवर 'मुर्गा' बनवण्याचा खेळ सर्वांच्या कानावर पडला. पण नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवरचा हल्ला सुरू असताना, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींच्या नावानं पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष झरदारींना खोटा फोन गेला आणि तिथलं हवाई दल सज्ज झालं. २०२१ मध्ये शरद पवारांच्या आवाजात थेट मंत्रालयात फोन झाला; विषय बदलीचा होता.

फोनवर तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कट्ट्यावरचं पोरगं मात्र दोन मिनिटांत स्वतःच्या आवाजावर येतं: "भावा, मी हाय रं!"